नऊ शब्दांवरची खूण

या अंकात लिहिण्याचा मला काय अधिकार, असे मी संपादकांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी उत्तर न देता मजकुराची शेवटची तारीख तेवढी कळवली. म्हणून आता वाचकांचीच क्षमा मागते. आपल्या व्यवसायाविषयी अशा अंकांत लिहिणारी माणसे त्या व्यवसायात आयुष्यभर मुरलेली असतात. मी माझ्या कामात चोपन्नाव्या वर्षी आले. त्याआधी पेणच्या एका वकिलांच्या कार्यालयात टंकलेखन करीत होते. संस्कृत घेऊन एम. ए. झाले होते, परंतु वर्गासमोर उभे राहायचे म्हटले की घशाला कोरड पडत असे, म्हणून शिक्षिका झाले नाही. वकीलसाहेबांनी काम थांबवले तेव्हा माझेही थांबले. पुढे शेजारच्या एका मुलीला मुलाखतीपूर्वी काही इंग्रजी शब्द म्हणून दाखवले, ती आणखी दोघींना घेऊन आली, आणि माझ्या घराच्या मागच्या खोलीत इंग्रजी उच्चारांचा वर्ग सुरू झाला. एका वेळी सहाच विद्यार्थी घेते. सहांहून अधिक माणसांच्या डोळ्यांत पाहणे मला अजून जमत नाही.

मी इंग्रजी शिकवत नाही, हे प्रथम सांगायला हवे. मी फक्त लांब शब्द शिकवते. मोठ्या इंग्रजी शब्दाचे तुकडे कोठे पडतात आणि त्यांपैकी कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा, एवढाच माझा विषय. व्याकरणात यांना अवयव आणि आघात अशी भारदस्त नावे आहेत, परंतु डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला तुकडा आणि जोर हेच शब्द बरे पडतात.

आपल्या भाषेत शब्द म्हणजे पंगत असते. प्रत्येक अक्षराला सारखे वाढले जाते, कोणी उपाशी उठत नाही. इंग्रजी शब्दात मात्र एकालाच पाटावर बसवतात, आणि बाकीचे उभ्या उभ्या काहीतरी खाऊन घेतात. शिवाय शब्दाला मागून शेपूट जोडले की पाटावरचा पाहुणा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. शब्दाच्या शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आले की जोर त्यांच्या लगेच आधीच्या तुकड्यावर येऊन बसतो. हा नियम सहसा दगा देत नाही. ‘नेस’, ‘लेस’, ‘ली’, ‘मेंट’ ही शेपटे गरीब असतात, ती जोराला हलवत नाहीत. परंतु ‘अस’, ‘अरी’, ‘एटर’, ‘अन्स’ अशा शेपटांच्या कित्येक शब्दांना सोपा नियम नाही. तेथे कोश उघडून जोराची खूण पाहावी लागते. ही शेवटची ओळ वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यापाशी घडले.

माझ्याकडे येणाऱ्यांत काही विलक्षण माणसे होती. डोलवीचे एक गृहस्थ केवळ ‘डेव्हलपमेंट’ या एका शब्दासाठी आले. त्यांच्या नव्या साहेबांना त्यांचा उच्चार ऐकून हसू येत असे. पूर्ण महिन्याचा वर्ग त्यांनी त्या एका शब्दावर घालवला, स्कूटरवरून येता-जाता तो म्हणत राहिले, आणि शेवटच्या दिवशी हेल्मेट हातात धरून म्हणाले, “बाई, आता साहेब हसत नाय. पण घरी बायको हसते. त्याचं काय?”

दुसरे रोह्याचे सॅम्युएलकाका. रोह्यात आता त्यांच्या यहुदी समाजाची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घरे उरली आहेत. मुलगा आणि नातवंडे इस्राएलला, थोरला भाऊ तर त्यांच्याही आधी तिकडे गेलेला. नातवंडांशी फोनवर इंग्रजीत बोलावे म्हणून ते पंचाहत्तरी उलटल्यावर माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी खुर्चीत टेकताना म्हणाले, “बाई, माझ्यात थोडाच जोर शिल्लक आहे. तो कुठं खर्च करायचा तेवढं सांगा.” थोरल्या भावाने मागे ठेवलेला एक जाडजूड इंग्रजी कोश त्यांनी मला वापरायला दिला. कापडी बांधणीचा, पिवळ्या पानांचा, आणि आरंभीची काही पाने गळालेला. माझ्या लहान नव्या कोशापेक्षा तो मला अधिक विद्वान वाटला. जुन्या आणि जड ग्रंथावर विश्वास ठेवण्याची सवय संस्कृतच्या अभ्यासातून लागलेली. तिच्यात मला तोवर दोष दिसला नव्हता.

सुजाता माझ्याकडे आली ती हमरापूरहून. तिच्या सासरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी तिच्याकडे आहे. साचा, रंग, दागिने ही कामे अनेक हात करतात. डोळे एकच हात करतो. तिने बी. एस्सी. केले होते, रसायनशास्त्रात. रोह्याच्या पलीकडे, धाटावकडच्या एका रसायनांच्या कंपनीत नियंत्रण कक्षासाठी स्त्रिया घेणार होते. लेखी परीक्षेत ती एकदा उत्तम गुणांनी पास झाली होती आणि तोंडी परीक्षेत पडली होती. त्या पदावरच्या माणसाला अपघाताच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून इंग्रजीत सूचना द्यायची असते, ती ऐकणाऱ्यांत परप्रांतांतले कामगार आणि परदेशातले तंत्रज्ञ असतात, म्हणून ती सूचना वाचून दाखवावी लागते. दुसरी संधी शेवटची होती. पदाला तिशीची अट होती आणि त्या परीक्षेनंतर महिन्याभरात सुजाताला तीस वर्षे पूर्ण होणार होती.

“बाई, लिहायला कितीही द्या,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. “तोंड उघडलं की सगळे शब्द चिखलात रुतल्यागत होतात.”

वर्गात प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करायचे, अशी माझी पद्धत आहे. शब्द तुकड्यांत तोडून लिहायचा आणि जोराच्या तुकड्यावर खूण करायची. सुजाताने दुसऱ्याच आठवड्यात ती पद्धत स्वतःची करून टाकली. ती साऱ्या तुकड्यांना फिकट रंग द्यायची, आणि मग डोळ्यांच्या आखणीचा बारीक कुंचला घेऊन जोराचा तुकडा काळ्या रेघेने जिवंत करायची. “आधी सगळं अंग रंगवायचं, डोळा शेवटी,” ती म्हणाली. “डोळा काढला की मूर्ती बघायला लागते. तसाच शब्द बघायला लागतो बाई, खरंच.” इतकी वर्षे मला जे सांगता आले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले.

मी तिला विचारले होते, डोळा चुकला तर काय करता?

“ओल्याला हात लावायचा नाय. पुसायला गेलं की अख्खं तोंड बिघडतं. सुकू द्यायचं. वरून अंगाचा रंग द्यायचा, तोही सुकू द्यायचा, मग परत आखायचं.”

कंपनीने दिलेल्या नमुना सूचनांतून आम्ही चौदा अवघड शब्द निवडले. पाच शब्द ‘शन’ आणि ‘इटी’चे होते, ‘इव्हॅक्युएशन’, ‘कंटॅमिनेशन’ यांसारखे. त्यांना नियम होता, म्हणून त्यांच्यासाठी मी कोश उघडलाच नाही. उरलेल्या नऊ शब्दांच्या खुणा मी सॅम्युएलकाकांच्या कोशातून उतरवून घेतल्या. मोबाइलवर शब्द ऐकता येतो हे मला ठाऊक होते. परंतु छापलेले समोर असताना ऐकून खात्री करावी, हे मला सुचले नाही. किंवा सुचले असेल, तर त्यात त्या ग्रंथाचा अपमान वाटला असेल. माझ्या खुणा पाहून सुजाताने नऊ शब्दांना डोळे काढले, आणि दोन महिने ते रोज म्हटले.

परीक्षा श्रावणात, सकाळी दहा वाजता होती. गणपतीच्या आधीच्या त्या आठवड्यांत हमरापुरात कोणी कारखाना सोडून जात नाही. सुजाताच्या सासूबाईंनी एक दिवस दिला, तोही बोलून दाखवून. “जा गो. पन संध्याकाळी चाळीस मूर्ती वाट बघत बसतील. त्यांना काय सांगू मी, सूनबाई इंग्लिश बोलाया गेल्यात?”

ती हमरापूरला रोह्याच्या पॅसेंजरमध्ये बसली आणि मी पेणला. सोबतीला येईन असे मीच म्हटले होते. तिच्या नखांत काळा रंग होता. कासूला मालगाडीला वाट देण्यासाठी आमची गाडी बराच वेळ उभी राहिली. ती खिडकीबाहेर पाहत बोटांनी पर्सवर तुकडे मोजत होती. हलक्या तुकड्याला बोट, जोराच्या तुकड्याला तळवा. मी सारखी घड्याळ पाहत होते, ते तिला दिसू नये म्हणून मनगट पदराखाली घेतले.

तरीही आम्ही रोह्याला वेळेत पोहोचलो. सॅम्युएलकाकांनी चहाला बोलावले होते आणि मलाही त्यांचा कोश परत करायचा होता. चहा झाल्यावर सुजाता कप विसळायला आत गेली. काकांनी नको म्हटले, तरी गेली. हात रिकामे ठेवणे तिला जमत नाही. काकांनी टेबलावरची कार्डे उचलून पाहिली.

“सुरेख काढलीत हो. ही खूण मात्र अशी का?”

“कोणती?”

“हे ‘रेस्पिरेटर’ बघा. तुम्ही जोर ‘पि’वर दिलात. माझ्या कोशात तो ‘रेस’वर आहे.”

मी कोश उघडला. खूण ‘रेस’ आणि ‘पि’ यांच्या मधोमध होती, मी पाहिली होती तशीच. “खुणेच्या पुढचा तुकडा जोराचा,” मी म्हटले. “माझ्या कोशात आरंभी तसे स्पष्ट लिहिले आहे.”

“तुमच्या कोशात असेल. हा जुना. माझा भाऊ आम्हांला शिकवायचा, या पुस्तकात खूण म्हणजे शेपटी. शेपटी जनावराच्या मागं असते. खुणेच्या आधीचा तुकडा जोराचा.” त्यांनी कोशाच्या आरंभीची उसवलेली शिवण दाखवली. “ती पहिली पानं गळालीत ना, त्यात लिहिलं होतं.”

मी मोबाइल काढला. आयुष्यात प्रथमच मी तो शब्द ऐकला. मग ‘हॅझर्डस’ ऐकला. मग ‘मेंटेनन्स’, मग ‘डेझिग्नेटेड’. प्रत्येकात जोर पहिल्या तुकड्यावर होता. आमच्या कार्डांवर तो दुसऱ्यावर होता. नऊच्या नऊ शब्द एकेका घराने पुढे सरकले होते.

मला सर्वांत अधिक टोचले ते निराळेच. हे शब्द सुजाता लहानपणापासून सपाट म्हणत आली होती, आपण सारे म्हणतो तसे. सपाट म्हटले असते तरी ऐकणाऱ्याने समजून घेतले असते. माझ्याकडे येऊन ती ते ठामपणे चुकीचे म्हणायला शिकली होती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. आतून नळाचा आवाज येत होता.

“सांगाल ना तिला?” काकांनी हळू विचारले.

“पाऊण तास राहिला आहे, काका.”

“म्हणूनच विचारतोय.” त्यांनी कार्डे नीट रचून माझ्या हातात दिली. “तुमची विद्यार्थिनी. मी मध्ये बोलणार नाही.”

नळ बंद झाला. सुजाता पदराला हात पुसत बाहेर आली, काकांच्या पाया पडली, आणि आम्ही निघालो. काका दारापर्यंत आले. माझ्याकडे पाहत राहिले.

मिनीडोअर रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. कुंडलिकेचा पूल येईपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य जुळवीत होते. सांगितले तर पाऊण तासात दोन महिन्यांची सवय मोडेल का? मोडली नाही आणि विश्वास मात्र मोडला, तर? मग उरलेले पाच बरोबर शब्दही तिला संशयित वाटतील. ओल्याला हात लावू नये, असे तिनेच मला सांगितले होते. मला ते वाक्य फार सोयीचे वाटले. आज मी प्रामाणिकपणे सांगू शकते, की त्या विचारांत तिची काळजी होती, परंतु तिच्याहून मोठी माझी लाज होती. मी चुकले, एवढे दोन शब्दांचे मराठी वाक्य मला उच्चारता येत नव्हते.

ती कार्डे न पाहता हलक्या आवाजात म्हणत होती. पाच बरोबर. मग पहिला चुकीचा. मग दुसरा. पर्सवर तळवा पडत होता तो नेमका नको त्या तुकड्यावर, आणि किती आत्मविश्वासाने. समोरच्या बाकावरच्या मासळीवाल्या बाईने विचारले, “काय गो, मंतर म्हनतेस का काय?” सुजाता हसली. “मंत्रच हाय मावशी. लागला तर बरा.” नववा शब्द संपवून तिने माझ्याकडे वळून विचारले,

“बरोबर ना बाई?”

मी म्हटले, “बरोबर.”

कंपनीच्या फाटकाशी रखवालदाराने मला बाहेरच्या शेडमध्ये बसवले. “टेन्शन नका घेऊ मावशी,” तो म्हणाला, “तुमची मुलगी का?” मी मान हलवली, ती हो की नाही हे मलाही कळले नाही. माझ्या मांडीवर चौदा कार्डांचा गठ्ठा होता. आत सारे शांत होते. एकदा ध्वनिक्षेपकावर खरखर झाली आणि मी उठून उभी राहिले. ती शिफ्टची सूचना होती. सव्वा तासाने सुजाता बाहेर आली. चालण्यावरूनच मला समजले.

“तीनदा वाचायला लावलं,” ती म्हणाली. “शेवटी म्हणाले, ठीक आहे, कळवू.”

परतीच्या गाडीत नागोठणे गेल्यावर म्हणाली, “बाई, सॉरी. तुम्ही एवढं शिकवलंत. मीच कमी पडले.” आणि मी, वाचकहो, तिची ती क्षमायाचना स्वीकारली. “असू दे,” असे म्हटले. हमरापूरला चाळीस मूर्ती तिची वाट पाहत होत्या.

आठ दिवसांनी नकार आला. त्याच आठवड्यात मी वर्गातल्या इतर विद्यार्थ्यांची कार्डे तपासली, नऊ शब्द जेथे जेथे होते तेथे तेथे दुरुस्त केले, आणि ही सुधारित आवृत्ती आहे असे त्यांना सांगितले. कोणी काही विचारले नाही. सुजाताची कार्डे मात्र परीक्षेच्या दिवशीच सुजाताकडे परत गेली होती.

तिचा फोन आला तो तिला तीस पूर्ण झाल्यानंतर. “बाई, माझं तर गेलं. पण वैशाली हाय ना, माझी जाऊ, ती पण बी. एस्सी. हाय. सव्वीसची. पुढच्या वेळी ती अर्ज भरेल. मी तिला आपली कार्डं लावून दिलीत भिंतीवर. रोज म्हणवून घेते.”

मी दुसऱ्या दिवशी हमरापूरला गेले.

गणपती चार दिवसांवर आले होते. कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर, ओट्यावर, पायरीवर मूर्तीच मूर्ती, आणि त्यांतल्या कित्येकांना अजून डोळे नव्हते. सासूबाईंनी ओळखले. “बाई आल्यात गो! चा टाका.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “सुजाता नाय बोलायची आता. डोळं चाललेत.”

त्या घरात तशी रीतच आहे. आखणी चालू असली की आखणाऱ्याने बोलायचे नाही, आणि तिच्याशीही कोणी बोलायचे नाही. सुजाता मूर्तीसमोर मांडी घालून बसली होती, डाव्या हातावर उजवे मनगट टेकवून. तिच्या मागच्या भिंतीवर आमची चौदा कार्डे ओळीने लावलेली होती. मी बसले. थांबणे योग्य होते. ती एक डोळा संपवून पाणी प्यायला उठेल, तेव्हा बोलता आले असते. परंतु माझ्या मनात आले, की आता ती उत्तर देऊ शकत नाही. आणि ज्या व्यक्तीला उत्तर देता येत नाही तिच्याशी बोलणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

“सुजाता,” मी म्हटले, “भिंतीवरचे नऊ शब्द चुकीचे आहेत. चूक माझी आहे. कोशातली खूण मला वाचता आली नाही.”

सासूबाईंचा हात हवेत थांबला. वैशाली रंगाची वाटी घेऊन येत होती, ती दारातच उभी राहिली. सुजाताचा कुंचला मूर्तीपासून केसभर दूर होता. तो तेथेच राहिला. मला वाटले, आता रेघ हलणार, आणि ते पापही माझ्या माथी येणार. तिने श्वास सोडला, पुन्हा घेतला, आणि रेघ ओढली. एक डोळा पूर्ण केला. मग दुसरा. तेवढ्या वेळात कोणी हलले नाही. मग तिने कुंचला पाण्यात धुतला, फडक्याला पुसला आणि माझ्याकडे वळली.

“कधी कळलं?”

“त्याच सकाळी. काकांच्या घरी. तू कप विसळत होतीस.”

“म्हणजे मी गाडीत विचारलं तेव्हा...”

“हो.”

“तुम्ही बरोबर म्हणालात.”

“हो.”

ती भिंतीकडे पाहत राहिली. “नऊतले चार आले होते,” ती म्हणाली. “‘रेस्पिरेटर’ दोनदा होता. मला वाटलं मी भ्यायले, म्हणून तोंड वळलं नाय. इतके दिवस तेच घेऊन बसलेय. मी भ्यायले.”

“भ्यायले ती मी,” मी म्हटले.

सासूबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे आदळला, थोडा बशीत सांडला. “येवढी शिकलेली मानसं,” त्या म्हणाल्या, “आनि तोंडात मिठाचा खडा धरून बसतात.” त्यांच्या माहेरी मिठागरे होती. मी मान खाली घातली.

सुजाताने भिंतीवरची नऊ कार्डे उतरवली आणि माझ्यासमोर मांडली. अंगाच्या रंगाची वाटी आणि एक जाड कुंचला पुढे सरकवला. “रंग द्या. काळं सगळं झाकू द्या.” मी दिला. “आता सुकू द्या.” ती पुढच्या मूर्तीला बसली. मी तेथेच बसून राहिले. चहा गार झाला, तो मी तसाच प्याले.

रंग सुकल्यावर तिने स्वतःचा बारीक कुंचला माझ्या हातात दिला. “तुम्हीच आखा. माझ्यासमोर.”

सारे काम थांबले होते आणि कारखान्यातली माणसे, डोळे असलेल्या आणि नसलेल्या मूर्तींसह, माझ्याकडे पाहत होती. तिसऱ्या कार्डावर रेघ वाकडी गेली आणि मी बोट पुढे केले.

“ओल्याला हात नाय लावायचा,” सुजाता म्हणाली.

नऊ झाली. मग ती म्हणाली, “आता म्हणा.” आणि मी म्हटले, मोठ्याने, एकेक शब्द, तुकडे तोडून, पहिल्या तुकड्यावर तळवा मांडीवर आपटत. वैशालीने माझ्यामागून म्हटले. सुजाताने म्हटले नाही. ती कुंचला परत घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसली.

वैशाली आता आठवड्यातून तीनदा माझ्याकडे येते. चांगले म्हणते. प्रत्येक शब्द ती आधी मोबाइलवर ऐकते आणि मग माझ्याकडे पाहते; मीही तिच्याबरोबर ऐकते. त्या सकाळी द्यायचा राहून गेलेला काकांचा कोश मी परत केला, त्याच्या पहिल्या पानाच्या जागी एक कागद चिकटवून: या ग्रंथात जोराची खूण तुकड्याच्या मागे असते. सुजाता भेटली की ‘बाई’ म्हणते, चहा विचारते. क्षमा केली का, हे मी तिला विचारलेले नाही, आणि हा लेख छापून येण्यापूर्वी तिला वाचून दाखवला तेव्हा ती एवढेच म्हणाली, की सासूबाईंचे मिठाचे वाक्य गाळू नका.

ज्या दोघातिघांना मी हे सांगितले ते म्हणाले, पाऊण तासात काय फरक पडला असता, तुम्ही गप्प राहिलात ते ठीकच केलेत. मला ते पटत नाही, परंतु त्या सकाळी मला तेच पटले होते. म्हणून तुम्हांलाच विचारते. सव्वानऊ होऊन गेले आहेत, दहाला परीक्षा आहे, आणि ती तुमच्याकडे वळून विचारते आहे, “बरोबर ना?” तुम्ही काय म्हणाल?